कांदा चाळीत तापमान-आर्द्रता नोंदवणारं यंत्र करायचंय : प्रोग्रामिंगची कुठली भाषा शिकायला घ्यावी?

निफाड_चाळ

उन्हाळी कांदा भरून झालाय. यंदा चाळीतलं तापमान आणि आर्द्रता रात्रंदिवस नोंदवणारं छोटं यंत्र हौसेने स्वतःच करायचं ठरवलंय. चाळीत दोन ठिकाणी आणि बाहेर एका ठिकाणी, दर दहा मिनिटांनी नोंद व्हावी आणि ती फाइल एक्सेलमध्ये उघडावी. पुढे जमलं तर पंखा चालू-बंद करायचा.

एक्सेलमध्ये इफ आणि व्हीलुकअपपर्यंत हात बसलाय. प्रोग्रामिंग शून्य. कुणी सी प्लस प्लस म्हणतं, कुणी पायथन, कुणी जावास्क्रिप्ट. लॅपटॉप जुना आहे, विंडोज ७ चा. चाळीत लाइट आहे पण भरवसा नाही, वायफाय नाही. रोज संध्याकाळी तासभर देता येईल. सुरुवात कुठून करू?

सातपूर_सर्किट

भाषा ठरवण्याआधी प्रोग्राम कुठे चालणार ते बघा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. तुमचा प्रोग्राम चाळीत टांगलेल्या बोर्डावर, म्हणजे छोटी संगणक-चिप बसवलेल्या पाटीवर, चालणार आहे. जावास्क्रिप्टचं खरं घर ब्राउझर, म्हणून ती तूर्त बाजूला. उरल्या दोन वाटा: आर्डुइनोचं (हौशी लोकांचा बोर्ड आणि त्याचा एडिटर) सी प्लस प्लस आणि मायक्रोपायथन. तुम्ही मायक्रोपायथन घ्या, आणि बोर्ड ईएसपी३२ (वायफाय असलेली चिप).

मायक्रोपायथन म्हणजे छोट्या चिपवर चालेल असं नव्याने लिहिलेलं पायथन ३. डेमियन जॉर्ज यांनी २०१३ मध्ये लोकवर्गणी जमवून ते सुरू केलं. व्याकरण पायथनचंच, त्यामुळे पुढे लॅपटॉपवर आलेख काढायचे झाले तर तीच भाषा कामाला येते. नवशिक्याला सगळ्यात मोठा फायदा म्हणजे बोर्ड यूएसबीला जोडला, एक ओळ टाइप केली, एंटर मारलं की उत्तर समोर. सी प्लस प्लसमध्ये प्रत्येक बदलाला कंपाइल (कोड चिपच्या भाषेत बदलणं) आणि अपलोड आलं, आणि जुन्या लॅपटॉपवर ईएसपी३२ साठीचं पहिलं कंपाइल काही मिनिटं खातं. चूक केली आणि ती कळली यात जितका कमी वेळ जाईल तितकं शिकणं पक्कं होतं.

विंडोज ७ वर चालणारं शेवटचं पायथन ३.८. पण ते वेगळं घालत बसू नका. थॉनी नावाचा एडिटर उतरवा. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात तो खास शिकणाऱ्यांसाठी तयार झाला आणि पायथन त्याच्या पोटातच येतं. त्याच्या डाउनलोड पानावर पायथन ३.८ ची ३२ बिट आवृत्ती वेगळी दिलेली असते, तीच घ्या. बाकीच्या विंडोज ७ वर उघडणार नाहीत.

बोर्ड जोडल्यावर थॉनीत टूल्स, ऑप्शन्स, इंटरप्रिटर इथे जा, यादीतून मायक्रोपायथन ईएसपी३२ निवडा आणि खाली इन्स्टॉल ऑर अपडेट मायक्रोपायथनवर क्लिक करा. इथे तीन अडचणी हमखास येतात. पोर्टच दिसत नाही: केबल फक्त चार्जिंगची असते, तिच्यात डेटाच्या तारा नसतात. केबल बदलूनही दिसलं नाही तर यूएसबी सॉकेटजवळची छोटी चिप भिंगातून वाचा. सीपी२१०२ किंवा सीएच३४० लिहिलेलं असेल, त्याचा ड्रायव्हर टाका. तिसरी, कनेक्टिंग लिहून नुसते ठिपके पडत राहतात: बोर्डावरचं बूट बटण दाबून धरा, टक्केवारी दिसू लागली की सोडा.

आणखी एक. मूळ ईएसपी३२ चं फर्मवेअर (इथे मायक्रोपायथनच) ४०९६ या पत्त्यापासून लिहिलं जातं, एस३ आणि सी३ या तिच्याच दुसऱ्या जातींचं शून्यापासून. थॉनीत चिपचं नाव चुकीचं निवडलं की लिहिणं यशस्वी दाखवतं आणि बोर्ड मुका बसतो. म्हणून पत्र्याच्या झाकणावरचं नाव वाचूनच निवड करा.

दिंडोरी_बाग

मायक्रोपायथनला माझा विरोध नाही, पण दुसरी बाजूही कळू द्या. बाजारात मिळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक सेन्सरसोबत आर्डुइनोचं तयार उदाहरण असतं. मायक्रोपायथनमध्ये मोजके ड्रायव्हर (सेन्सर वाचणारा तयार कोड) आत येतात, बाकीच्यांची फाइल शोधून बोर्डावर टाकावी लागते. शिवाय घरात आधीच आर्डुइनो उनो पडलेला असेल तर प्रश्नच मिटला. त्यात रॅम २ केबी, मायक्रोपायथन त्यावर बसतच नाही. ईएसपी३२ मध्ये ५२० केबी असते म्हणून तिथे ही चैन परवडते.

आणि बॅटरीवर चालवायचं असेल तर सी प्लस प्लसच बरं.

सातपूर_सर्किट

ड्रायव्हरचा मुद्दा बरोबर. बॅटरीचा नाही पटला, दादा. ईएसपी३२ ची चिप गाढ झोपेत साधारण १० मायक्रोअँपियरवर येते, मग झोपवणारी भाषा कुठलीही असो. खातो तो बोर्डावरचा १११७ जातीचा रेग्युलेटर, यूएसबीची चिप आणि लाल दिवा. तिघं मिळून काही मिलिअँपियर सतत घेतात. बोर्ड एकूण १० मिलिअँपियर घेतो धरलं तर दिवसाला २४० मिलिअँपियर-तास, म्हणजे २५०० चा सेल दहा दिवसांत संपला. इथे लाइट आहे, तर मोबाइलचा चांगला ५ व्होल्टचा चार्जर लावावा. हलका चार्जर नको. वायफाय सुरू होताना करंट एकदम उसळतो, व्होल्टेज पडतं, आणि ब्राउनआउट डिटेक्टर असा संदेश देत बोर्ड पुन्हा पुन्हा सुरू होतो.

चांदवडची_ताई

मध्येच विचारते. मुलगी पाचवीत आहे, तिलाही यात घ्यायचं असेल तर ठोकळे जोडून प्रोग्राम करायचं स्क्रॅच चालेल का?

गोदाकाठ

ताई, विचार करायची सवय लागायला स्क्रॅच उत्तम, पण स्क्रॅचचा प्रोग्राम संगणकाला बांधलेला असतो, बोर्डावर एकटा चालत नाही. तिला सेन्सरशी खेळायचं असेल तर मायक्रोब्लॉक्स बघा. ठोकळे स्क्रॅचसारखेच जोडायचे, आणि प्रोग्राम ईएसपी३२ वर उतरतो, केबल काढली तरी चालू राहतो.

आता निफाडकर भाऊंचं. भाषा पूर्ण शिकून मग यंत्र करू असं ठरवलंत तर कांदा विकून होईल. या कामाला पायथनचा अगदी छोटा तुकडा लागतो, तो क्रमाने घ्या आणि प्रत्येक पायरी बोर्डावरच करा.

आधी दिवा लुकलुकवणं. बऱ्याच बोर्डांवर निळा दिवा पिन २ वर असतो. यात इम्पोर्ट, व्हाइल ट्रू आणि ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा एवढंच कळतं. ही जागा पायथनमध्ये व्याकरणाचा भाग आहे. चार स्पेसचा नियम करा आणि टॅब मिसळू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला कोड कधीच चिकटवू नका. तिथे तारका आणि अंडरस्कोअर ठळक-तिरप्या अक्षरांच्या खुणा म्हणून गिळले जातात, मोबाइलच्या कीबोर्डमुळे सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात, आणि मग दिसायला बरोबर असलेली ओळ सिंटॅक्स एरर देते. कोड पाठवायचाच तर फाइल जोडून पाठवावा.

मग सेन्सर वाचून प्रिंट करणं. मग दहा वाचनं लिस्टमध्ये घेऊन सरासरी. ही तुम्हाला एक्सेलमुळे लगेच कळेल. त्यानंतर फाइल: ती जोडण्याच्या मोडमध्ये उघडायची, एक ओळ लिहायची आणि लगेच बंद करायची. विथ वापरलं की बंद करणं आपोआप होतं. फाइल उघडीच ठेवली आणि लाइट गेली तर मेमरीत साठलेल्या ओळी जातात. दर दहा मिनिटांनी म्हणजे दिवसाला १४४ ओळी. ओळ ३० अक्षरांची धरली तर दिवसाला ४३२० बाइट. ४ एमबी फ्लॅशच्या बोर्डावर फाइलींसाठी साधारण २ एमबी उरतात, म्हणजे वर्षभराहून जास्त पुरेल. त्यासाठी मेमरी कार्ड घेऊ नका, उगाच एक बिघडणारी वस्तू वाढते.

शेवटी ट्राय-एक्सेप्ट, म्हणजे चूक आली तरी प्रोग्राम थांबू न देण्याची सोय. शिकवणारे हे मागे ठेवतात, पण चाळीत टांगायच्या यंत्राला ते सगळ्यात गरजेचं. सेन्सरने एकदा उत्तर दिलं नाही की प्रोग्राम थांबतो आणि बोर्ड पुढच्या आज्ञेची वाट बघत तसाच बसून राहतो. दिवा चालू, नोंदी बंद. म्हणून वाचन ट्रायमध्ये घ्या. पण एक्सेप्टपुढे ओएसएरर हे नाव लिहाच. नाव न घालता नुसतं एक्सेप्ट लिहिलं तर कंट्रोल-सी सुद्धा तिथेच अडकतो, थॉनीतून प्रोग्राम थांबवता येत नाही आणि फ्लॅश पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. खबरदारी म्हणून प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला पाच सेकंदांचा थांबा टाकून ठेवा, तेवढ्यात कंट्रोल-सी मारता येतो.

फाइलचं नाव मेन.पीवाय हवं आणि ती बोर्डावर सेव्ह केलेली हवी, लॅपटॉपवर नाही. सेव्ह करताना थॉनी हे विचारतो. थॉनीतून छान चालतं पण चार्जरला लावलं की काहीच होत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा इथेच सुटते.

आडगाव_वर्कशॉप

सेन्सरबद्दल. डीएचटी११ घेऊ नका, आर्द्रतेत ५ टक्क्यांची चूक म्हणजे या कामाला निरुपयोगी. डीएचटी२२ चालतो, त्याचा ड्रायव्हर मायक्रोपायथनमध्येच आहे, पण दोन वाचनांत किमान २ सेकंद जाऊ द्यावे लागतात. थोडे जास्त पैसे घालून एसएचटी३१ घेतलात तर उत्तम, चूक २ टक्क्यांच्या आसपास. तो आयटूसीवर चालतो, म्हणजे डेटा (एसडीए) आणि ठोका (एससीएल) अशा दोन तारांवर. एसडीए पिन २१, एससीएल पिन २२, वीज ३.३ व्होल्ट. जोडून झाल्यावर आयटूसी स्कॅन चालवा, ६८ हा त्याचा पत्ता आला पाहिजे. रिकामी लिस्ट आली तर बहुधा त्या दोन तारा उलट्या लागल्या आहेत.

बीएमई२८० या दुसऱ्या सेन्सरच्या नावाने विकलेला मॉड्यूल बऱ्याचदा बीएमपी२८० निघतो. त्यात आर्द्रता मोजायची सोयच नसते. दोघांचा पत्ता ११८ किंवा ११९, त्यामुळे स्कॅनमध्ये फरक कळत नाही. रजिस्टर (चिपमधला नोंदीचा कप्पा) २०८ वाचा. ९६ आलं तर खरा बीएमई, ८८ आलं तर बीएमपी, परत करा.

आयटूसीच्या तारा लांब ओढू नका, मीटरभर पुरे. चाळीच्या दोन टोकांना आणि बाहेर मिळून तीन स्वतंत्र बोर्ड ठेवा. प्रोग्राम तोच, फक्त जागेचं नाव बदलायचं. सेन्सर बोर्डाच्या डब्यात कोंडू नका, बोर्डाच्या उष्णतेने तापमान चढतं आणि आर्द्रता कमी दिसते. डब्याबाहेर वीतभर अंतरावर, तोंड खाली करून, जाळी लावून टांगा. पत्र्याजवळ नको, ढिगाच्या वर मधोमध. सेन्सरजवळ फेविक्विक किंवा सोल्डरच्या फ्लक्सची वाफ जाऊ देऊ नका, आर्द्रता मोजणारा थर तिने बिघडतो.

टांगण्याआधी मिठाची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात खायचं मीठ घेऊन थेंबाथेंबाने पाणी घाला, ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, विरघळून पाणी होता कामा नये. ते झाकण आणि सेन्सर हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. खोलीच्या तापमानाला आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. सेन्सर ७९ दाखवत असेल तर प्रोग्राममध्ये ४ वजा करा. तिन्ही सेन्सर एकाच डब्यात, एकाच वेळी ठेवावेत.

निफाड_चाळ

सगळ्यांचे आभार. दिवा लुकलुकतोय! डीएचटी२२ घरात होता तो आधी लावला, तर ओएसएरर ११६ येतोय. ढिगाच्या आत खुपसायला स्टीलच्या नळीतला डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर पण घेतलाय, तो पहिल्यांदा ८५ अंश दाखवतो. आणि कोडमध्ये मराठी नावं चालतात का?

आडगाव_वर्कशॉप

११६ म्हणजे वेळेत उत्तर आलं नाही. डेटा आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर लावलाय का? तीन पायांच्या मॉड्यूलवर तो आधीच असतो, चार पायांच्या सुट्या सेन्सरला आपण लावायचा. दुसरी शक्यता पिनची. ६ ते ११ या पिना फ्लॅश मेमरीच्या आहेत, त्यांना हात लावू नका. ३४ ते ३९ फक्त इनपुट. डीएचटीला पिन ४ द्या.

८५ हा डीएस१८बी२० चा सुरू होतानाचा ठरलेला आकडा. मोजायला सांगितल्यावर त्याला ७५० मिलिसेकंद लागतात, त्याआधी वाचलं की ८५ मिळतं. मधे थांबा टाका. थांबूनही ८५ येत असेल तर मोजताना वीज कमी पडतेय, ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि लाल तार तपासा.

ओझर_लिनक्स

मराठी नावं चालतात. पायथन ३ मध्ये तापमान, ढीग, सरासरी अशी चलांची नावं बिनदिक्कत देता येतात. इफ, व्हाइल हे शब्द मात्र इंग्रजीच. कोडमधले आकडेही इंग्रजीच हवेत, देवनागरी २५ लिहिलं तर सिंटॅक्स एरर. गंमत म्हणजे अवतरणात देवनागरी २५ देऊन इंट केलं तर लॅपटॉपचं पायथन ते बरोबर ओळखतं.

अडचण जोडाक्षरांत आहे. वाऱ्याचा_वेग असं नाव दोन तऱ्हांनी टाइप होतं. काही कीबोर्ड त्यात न दिसणारं जोडचिन्ह घालतात, आणि पायथन ते नावात स्वीकारत नाही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून चूक शोधणं फार जड जातं. सुरुवातीला इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द लिहा, आणि हॅशनंतरच्या टिपा मराठीत, भरपूर. सहा महिन्यांनी कोड उघडाल तेव्हा त्या टिपाच उपयोगी पडतील.

सीएसव्ही फाइलचे मथळेही इंग्रजी अक्षरांत ठेवा. देवनागरी मथळ्यांची फाइल डबल क्लिकने उघडली की एक्सेलमध्ये कचरा दिसतो. ठेवायचेच असतील तर डेटा टॅबमधून फाइल आत घ्या आणि यूटीएफ-८ निवडा.

दिंडोरी_बाग

वेळेचं कुणी बोललं नाही. लाइट गेली की बोर्डाचं घड्याळ १ जानेवारी २००० वर जातं. वायफाय नाही म्हणजे इंटरनेटवरून वेळ मिळणार नाही. डीएस३२३१ घड्याळाचा मॉड्यूल लावा, त्याच आयटूसी तारांवर. स्कॅनमध्ये १०४ दिसेल, सोबत ८७ दिसलं तर घाबरू नका, ती त्याच मॉड्यूलवरची मेमरी. या मॉड्यूलला वीज ३.३ व्होल्टच द्या. स्वस्त मॉड्यूलवर सेल चार्ज करायचं सर्किट असतं, आणि ५ व्होल्टला ते साध्या सीआर२०३२ सेललाही चार्ज करू बघतं. तो सेल त्यासाठी नाही, फुगतो.

घरी वायफायवर एनटीपीने (इंटरनेटवरून वेळ घ्यायची पद्धत) वेळ घेतलीत तर ती जागतिक वेळ असते, १९८०० सेकंद मिळवा. आणि ईएसपी३२ चं मायक्रोपायथन सेकंद २००० सालापासून मोजतं, लॅपटॉप १९७० पासून. नुसते सेकंद साठवले तर आलेखावर तारखा तीस वर्षं मागच्या दिसतील. तारीख-वेळ सरळ अक्षरांत लिहा.

गोदाकाठ

आता यातला सगळ्यात कामाचा भाग, आणि इथेच फंक्शन म्हणजे काय ते नीट कळतं. हवेशीर चाळीत कांद्याला २५ ते ३० अंश आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. त्याहून कोरडं झालं की वजन घटतं, दमट झालं की काजळी आणि सड. पण बाहेरची आर्द्रता ९० टक्के दिसली म्हणून पंखा बंद ठेवायचा, हा हिशेब चुकतो. टक्केवारी तापमानावर अवलंबून असते. दोन हवांची तुलना करायची तर बाष्पाचा दाब काढावा लागतो.

सूत्र असं: तापमानाला १७.६२ ने गुणा, त्याला २४३.१२ अधिक तापमान याने भागा, आलेल्या संख्येचा मॅथमधला ईएक्सपी घ्या, ६.११२ ने गुणा, आर्द्रतेने गुणा, १०० ने भागा. उत्तर हेक्टोपास्कलमध्ये. डेफ (फंक्शन बनवायचा शब्द) लिहून हे एकदा बांधलं की आत-बाहेर दोन्हीकडे तेच वापरायचं.

पावसाळ्यातली रात्र धरा. चाळीत ३० अंश, ७० टक्के: दाब २९.६. बाहेर २४ अंश, ९० टक्के: २६.८. म्हणजे ९० टक्क्यांची बाहेरची हवा खरं तर कोरडी आहे. आत येऊन ३० अंशांवर तापली की ती ६३ टक्क्यांची होते. तेव्हा पंखा लावावा. उलट थंडगार ढिगावर दुपारची गरम दमट हवा सोडली तर कांद्यावर पाणी सुटतं. ढिगात खुपसलेला डीएस१८बी२० इथे उपयोगी पडतो: त्याच्या तापमानाला १०० टक्के आर्द्रता धरून दाब काढा, बाहेरचा दाब त्याहून जास्त असेल तर पंखा नकोच.

आतल्या बोर्डाला बाहेरचे आकडे कळायला वायफाय लागत नाही. ईएसपी-नाऊने दोन ईएसपी३२ राउटरशिवाय बोलतात, मायक्रोपायथन १.२१ पासून ते आतच आहे. एका संदेशात २५० बाइट मावतात, आपल्याला वीसही पुष्कळ.

निफाड_चाळ

सूत्र आधी एक्सेलमध्ये घातलं, मग पायथनमध्ये, दोन्ही उत्तरं जुळली. पंखा जोडताना काय सांभाळू?

आडगाव_वर्कशॉप

रिलेसाठी (बोर्डाच्या इशाऱ्यावर वीज चालू-बंद करणारा स्विच) पिन १२ घेऊ नका. सुरू होताना ती पिन वर खेचली गेली तर बोर्ड चालूच होत नाही. ०, २ आणि १५ सुद्धा टाळा. २६ किंवा २७ घ्या. ५ व्होल्टच्या निळ्या रिले मॉड्यूलला ३.३ व्होल्टचा इशारा अर्धवट कळतो, रिले चिकटतो पण सुटत नाही. ३.३ व्होल्टवर चालणारा मॉड्यूल मागून घ्या.

कोडमध्ये चालू आणि बंद यांच्या सीमा वेगळ्या ठेवा. आतला दाब बाहेरच्यापेक्षा २ ने जास्त झाला की चालू, फरक ०.५ वर आला की बंद. एकच सीमा ठेवलीत तर रिले दर मिनिटाला टकटक करत राहील आणि संपर्क जळतील. वॉचडॉग (प्रोग्राम अडकला की बोर्ड रीसेट करणारा टायमर) लावणार असाल तर लक्षात ठेवा, एकदा सुरू केला की तो थांबवता येत नाही. त्याची मुदत ३० सेकंद आणि तुमची झोप दहा मिनिटांची असेल तर बोर्ड सतत रीसेट होईल. झोपेचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे करून दर तुकड्याला फीड करा, म्हणजे त्याची मुदत नव्याने सुरू होते.

मोठ्या पंख्याची मोटर रिलेवर थेट नको, मध्ये कॉन्टॅक्टर (जड करंट झेलणारा स्विच) हवा. २३० व्होल्टची ती जोडणी वायरमनकडून करून घ्या, आणि बोर्ड बंद पडला तरी पंखा हाताने लावता येईल असा बायपास स्विच त्यालाच बसवायला सांगा.